एक पट्टी खाली

महालक्ष्मी स्थानकाच्या पुलावर त्या रात्री पाय ठेवायला जागा नव्हती. १६ मार्च २०२४ चा शनिवार होता, रेसकोर्सवरचा इंग्लिश गायक एड शीरनचा कार्यक्रम नुकताच संपला होता आणि मैदानावरची धूळ बुटांना लावून तरुण मुलामुलींचा लोंढा लोकलच्या दिशेने सरकत होता. धोबीघाटाकडून येणाऱ्या वाऱ्याला ओल्या कापडांचा आणि साबणाचा नेहमीचा वास होता. माझी भाची माझा हात घट्ट धरून पुढे चालली होती. घसा पार बसल्यामुळे ती बोलत नव्हती, अधूनमधून मागे वळून ‘आत्या आहे ना मागे’ याची खात्री तेवढी करून घेत होती. आमच्या पुढ्यातच दोन मुले होती. त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, “गायला मस्तच रे, पण तो पूर्वीचा राहिला नाही. लग्न झालं, पोरी झाल्या, मधे ते सगळं दुःख झालं. नवीन गाणी ऐकली की मूडच जातो.” दुसऱ्याने “चालायचंच” एवढेच उत्तर दिले. तेवढ्यात बोरिवली गाडीची घोषणा झाली आणि दोघेही जिना उतरून धावत सुटले.

त्या मुलाच्या आवाजात तक्रार कमी आणि हळहळ जास्त होती, म्हणूनच बहुधा ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. त्याचे म्हणणे मला कळत होते. एखादे गाणे आपल्याला ज्या वयात भेटते, त्या वयातच ते गाणारा माणूस थांबून राहावा असे आपल्याला मनोमन वाटत असते. आपण मोठे होतो, नोकऱ्या धरतो, घरातली माणसे गमावतो; गायकाने मात्र आपल्या कॉलेजच्या कट्ट्यावर जसाच्या तसा बसून राहावे, म्हणजे आपल्याला हवे तेव्हा तिथे परत जाता येते. ही अपेक्षा प्रेमातूनच येते, आणि तरीही ती माणसावर अन्याय करणारी आहे, असे मला त्या रात्री घरी पोहोचेपर्यंत वाटत राहिले. पुढे बरेच दिवस मी शीरनची गाणी आणि त्याच्या मुलाखती ऐकत होते, त्याला काय झाले होते हे समजून घेत होते. त्या वाचण्या-ऐकण्यातून मला जे वाटले ते इथे लिहिते आहे.

मुंबईने या माणसाला तीन वेगवेगळ्या वयांत पाहिले आहे. पहिल्यांदा तो याच रेसकोर्सवर १ मार्च २०१५ रोजी गायला, तेव्हा तो २४ वर्षांचा होता. दुसऱ्यांदा नोव्हेंबर २०१७ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात आला, तेव्हा सायकलवरून पडून हात मोडल्याला जेमतेम महिना झाला होता. त्या वेळी भाची दहावीला होती. ‘पुढच्या वेळी जा’ असे सांगून माझ्या भावाने तिला पाठवले नव्हते आणि ती रात्रभर रुसून खिडकीशी बसली होती. तिसऱ्यांदा तो आला ती ही मार्चची रात्र. या वेळी भाचीने स्वतःच्या पगारातून दोघींची तिकिटे काढली होती. सहा-सव्वासहा वर्षांत तिच्यात काय काय बदलले, हे मी जवळून पाहिले आहे. मग त्याच काळात पलीकडे गिटार घेऊन उभा असलेला माणूस तसाच कसा राहील?

त्याच्या गाण्यातला बदल समजून घ्यायचा तर आधी त्याच्या पायाखालची ती लहानशी पेटी समजून घ्यायला हवी. भाचीच्या एका मित्राच्या घरी, विलेपार्ल्यात, मी तसले लूप पेडल पहिल्यांदा हाताळले, म्हणजे खरे तर पायाने दाबून पाहिले. त्या मुलाने बटण दाबले, लाल दिवा लागला, गिटारच्या लाकडी अंगावर त्याने तळहाताने चार थापा मारल्या आणि पुन्हा बटण दाबले. थापा आपोआप फिरून फिरून वाजू लागल्या. त्यावर त्याने तारा छेडल्या, मग त्या छेडण्यावर हळू आवाजात एक ‘हूं’ धरला, त्यावर आणखी एक वरचा सूर चढवला. पाहता पाहता एका पोराचा वाद्यवृंद झाला. आपल्याकडे तबलजी पेटीवर लेहरा धरायला लावतो आणि त्या फिरत्या ओळीच्या भरवशावर आपले काम मांडतो, त्याच जातीचे हे काम आहे. फक्त इथे लेहरा धरणाराही स्वतःच आणि तबलजीही स्वतःच. मग त्या मुलाने मला मुद्दाम बिघडवून दाखवले. पहिल्या थापांची फेरी बंद करताना त्याने बटण किंचित आधी दाबले. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी लय ठेच लागल्यासारखी अडखळू लागली, आणि तो त्यावर जितके सूर चढवत गेला तितके ते अडखळणे उघडे पडत गेले. “आता हे मधेच दुरुस्त नाही करता येत, काकू,” तो म्हणाला. “सगळं पुसायचं आणि पहिल्यापासून धरायचं.”

शीरनने हे काम वर्षानुवर्षे एकट्याने केले. २०१७ ते २०१९ या काळातला त्याचा ‘डिव्हाइड’ दौरा २५० हून अधिक प्रयोगांचा होता आणि सुमारे ८९ लाख लोकांनी तो पाहिला. त्या वेळेपर्यंतच्या सगळ्या दौऱ्यांमध्ये तो सर्वाधिक प्रेक्षकांचा ठरला. एवढ्या सगळ्या रात्री एक माणूस रिकाम्या पेडलसमोर उभा राहिला, थाप मारली आणि शून्यातून तेच गाणे पुन्हा उभे केले. मला या आकड्यांपेक्षा त्यामागच्या एकटेपणाचे जास्त वाटते. सोबत वादक नाहीत, म्हणजे मधल्या वेळेत कुणाकडे पाहून हसायला माणूस नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये इप्सविचला, त्याच्या घराजवळच, हा दौरा संपला. त्यानंतरच्या रिकामपणाबद्दल तो नंतर मोकळेपणाने बोलला आहे. मुलगी झाल्यावर तर आपण आता गाणे सोडून फक्त बाप म्हणूनच जगायचे, असे त्याला काही काळ वाटले होते. मग आईवडील कामावर प्रेम करतात हे पाहत मुलीने वाढावे, असे वाटून तो परत फिरला. मुलीच्या जन्माला दोनेक महिने उरले असताना बायकोने त्याला विचारले होते की, मला कळा सुरू झाल्या तर दवाखान्यात मला दुसऱ्याच कुणी न्यायला हवे आहे का? कारण त्या दिवसांत त्याचे पिणे फार वाढले होते. त्या प्रश्नानंतर त्याने कडक दारू सोडली. मोठमोठ्या सल्लागारांना जे जमत नाही ते घरातल्या एका साध्या, व्यवहारी प्रश्नाने होते, हे वाचताना मला आमच्याच कितीतरी घरांतल्या बायका आठवल्या.

आणि मग २०२२ आले.

त्या वर्षाच्या सुरुवातीला त्याची पत्नी दुसऱ्यांदा गरोदर असताना तिच्या शरीरात गाठ निघाली, आणि बाळंतपण होईपर्यंत त्यावर उपचार करता येणार नाहीत असे सांगण्यात आले. फेब्रुवारीत त्याचा जिवलग मित्र जमाल एडवर्ड्स अवघ्या ३१ व्या वर्षी गेला. शीरनला कुणी ओळखत नव्हते तेव्हा, २०१० साली, ज्याने आपल्या यूट्यूब वाहिनीवर त्याला जगासमोर आणले, तो हा मित्र. मार्चच्या पहिल्या आठवड्यात शेन वॉर्न गेला. वॉर्नच्या जाण्याने आपल्याकडे ज्यांनी वानखेडेवर उन्हात बसून त्याची फिरकी पाहिली त्यांनाही चुटपुट लागली होती. शीरनचा तर तो मित्र होता. एक गोष्ट इथे सांगायला हवी. ‘सबट्रॅक्ट’ या नावाचा अल्बम तो तेव्हा जवळपास १० वर्षे घडवत होता, त्यासाठी एकेक गाणे निवडून बाजूला ठेवत होता. ते सगळे त्याने बाजूला सारले आणि त्या काळोख्या दिवसांत, आठवडाभराच्या आसपास, जे लिहून झाले त्यातून नवा अल्बम उभा केला. अमेरिकन संगीतकार ॲरन डेस्नर त्याला वाद्यांचे नुसते तुकडे पाठवायचा आणि हा त्यावर शब्द मांडत जायचा. म्हणजे या वेळी पहिली थाप त्याची नव्हतीच. इतकी वर्षे सगळे थर स्वतःच चढवणाऱ्या माणसाने तोल गेलेल्या दिवसांत दुसऱ्याने धरलेल्या लेहऱ्यावर गायचे ठरवले. त्याच्यात काय बदलले असे मला कुणी विचारले, तर मी दुःखी शब्दांआधी या निर्णयाकडे बोट दाखवीन.

तो अल्बम ५ मे २०२३ रोजी आला. त्याच्या आदल्याच दिवशी न्यूयॉर्कच्या न्यायालयात, एका जुन्या गाण्याची चाल चोरल्याच्या आरोपातून ज्युरीने त्याला मुक्त केले होते. त्या खटल्यात तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात गिटार घेऊन बसला आणि तेच चार स्वरमेळ किती गाण्यांत आहेत, हे वाजवून दाखवले. एका भूपात आपण किती गाणी बांधली, याचा हिशेब कुणी मागितला तर आपले संगीतकारही हेच करतील. पण खटल्यासाठी तिथे राहावे लागल्यामुळे आयर्लंडमध्ये झालेल्या आजीच्या अंत्यविधीला त्याला जाता आले नाही, हे त्याने बाहेर येऊन सांगितले तेव्हा जिंकल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर नव्हता.

हे सगळे कळल्यावरही माझे मन एकसंध झाले असे नाही. आपल्या बायकोची गाठ, मित्राचा मृत्यू, स्वतःचे ढासळणे हे सगळे गाण्यांत घालून विकायला काढणे मला सुरुवातीला खटकले. मी ज्या घरात वाढले तिथे दुःख दार लावून करायचे असते. शिवाय आपल्या रंगभूमीने आपल्या मनावर एक वेगळाच आदर्श कोरून ठेवला आहे. १९११ साली मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली, आणि तरीही त्यांनी तोंडाला रंग लावून प्रयोग केला, ही हकिकत मराठी घरात वाढलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेली असते. लहानपणी ती ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा. आता ऐकताना मला त्या मुलीचे वाटते. या हकिकतीत ती एका ओळीपुरती येते आणि जाते. पुढे सगळे त्यांच्या निष्ठेबद्दल असते. त्या रात्री प्रयोग संपल्यावर, रंग उतरवल्यावर काय झाले, दुसऱ्या दिवशी कुणी कुणाला काय म्हटले, हे आपण कधी विचारले नाही. प्रेक्षकांचा विरस होऊ नये म्हणून कलावंताने आपले दुःख विंगेत ठेवून यावे, हा आपला शिरस्ता. त्या शिरस्त्याबद्दल मला आदर आहे, पण त्याची किंमत कोण मोजते हे मी घरात पाहिलेले आहे.

माझी मावशी ऑर्केस्ट्रात गायची. ऐंशीच्या दशकात गिरगाव, लालबाग, परळ इथल्या गणेशोत्सवांत, दादरच्या शिवाजी मंदिरात, कधी पनवेल-पेणच्या बाजूला. भाद्रपदात तिला उसंत नसायची. काठापदराची साडी, केसांत अबोलीचा गजरा, हातात रुमाल आणि रुमालात खडीसाखर, अशी ती टॅक्सीत बसायची आणि पहाटे घरी यायची तेव्हा गजऱ्याचा नुसता दोरा उरलेला असायचा. तिची स्वतःची अशी गाणी नव्हतीच. दुसऱ्यांची गाणी लोकांना हवी तशी गायची हेच तिचे काम. माझ्या आजीला जाऊन पुरते दिवसही झाले नव्हते, तेव्हा एका मंडळाचा कार्यक्रम आला. सुपारी आधीच घेतलेली होती, मंडळ ऐकायला तयार नव्हते आणि वादकांची पोटे त्यावर होती. मावशी गेली. त्या रात्री तिने एकही दुःखी गाणे घेतले नाही. एकामागून एक नाचरी गाणी म्हटली, लोकांनी पुन्हा पुन्हा म्हणायला लावली, आणि नवीन नोटांचा हार घालून तिचा सत्कारही झाला. मी तेव्हा शाळेत होते. मला तिचा फार राग आला होता, इतका की दुसऱ्या दिवशी मी तिच्याशी बोलले नाही.

मग काही दिवसांनी, एका दुपारी, चाळीतल्या आमच्या खोलीत ती भिंतीला टेकून बसली होती. बाहेर गॅलरीत वाळवणे घातलेली, नळाची वेळ संपलेली, शेजारपाजार झोपलेले. आईने काही न बोलता पेटी तिच्यासमोर सरकवली. मावशीने आजीच्या आवडीचा एक अभंग धरला. मांडीवर थाप नाही, हातवारे नाहीत, आवाज जेमतेम दारापर्यंत पोहोचेल इतका. दुसऱ्या कडव्यात ती थांबली, पेटीचा भाता मात्र चालू ठेवला, आणि तो नुसता सूर बराच वेळ खोलीत भरून राहिला. मग पुढचे कडवे तिने म्हटले. त्या दुपारी मला कळले की मंडळाच्या मांडवात तिने आपले दुःख लपवले नव्हते. ते तिथे न्यायचे नाही, एवढे तिने ठरवले होते. त्याची जागा कुठे आहे हे तिला ठाऊक होते.

पुढे वयानुसार तिचा आवाज खाली आला. काळी पाचमध्ये म्हणायची ती गाणी तिने पेटीवाल्यांना काळी चारवर धरायला सांगितली. लोकांना लगेच कळले. ‘ताई, वर घ्या’ असे ओरडणारे प्रत्येक मांडवात भेटायचे, आणि एका आयोजकांनी तर तोंडावर सांगितले की पूर्वीची मजा राहिली नाही. तिने वर चढून ओरडायला नकार दिला. “खाली राहून गाईन,” ती म्हणाली, “नाहीतर घरी बसेन.” त्या खालच्या पट्टीत एक विलक्षण गोष्ट झाली. वरच्या सुराला पोहोचण्याची धडपड गेल्यामुळे तिला अंतऱ्यातल्या शब्दांना वेळ देता येऊ लागला. मी ती गाणी शेकडो वेळा ऐकली होती, पण त्यातली बाई कुणाची तरी वाट पाहते आहे, हे मला त्या खालच्या पट्टीत पहिल्यांदा ऐकू आले. तिचे कार्यक्रम कमी झाले हेही खरे. बिदागी कमी झाली, आणि एक-दोन वर्षांत वरच्या पट्टीत गाणारी नवी मुलगी आली. मावशीला त्याचे वाईट वाटले नाही असे मी म्हणणार नाही. वाटले, आणि पुष्कळ वाटले. पण ती पुन्हा वर गेली नाही.

शीरनच्या २०२३ च्या दौऱ्याची आखणी वाचताना मला चाळीतली ती दुपार आठवली. त्या वर्षी तो स्टेडियममधला मोठा दौरा करतच होता. मेलबर्नच्या क्रिकेट मैदानावर मार्च महिन्यात एकेका रात्री १ लाखाहून अधिक माणसे त्याच्यासमोर होती. याच दौऱ्यात काही गाण्यांपुरती त्याने सोबत वादक मंडळी घेतली होती, आणि रंगमंच मैदानाच्या मधोमध होता, भोवती चारही बाजूंनी माणसे. पण ‘सबट्रॅक्ट’ची गाणी घेऊन तो एवढ्या मोठ्या मैदानात पूर्णपणे उतरला नाही. अमेरिकेतल्या अनेक शहरांत त्याने स्टेडियमच्या आदल्या दिवशी एखादे जुने, काही हजार आसनांचे नाट्यगृह घेतले आणि तिथे तो अल्बम गायला. दुसऱ्या दिवशी, त्याच शहरात, लोकांना हवी असलेली सगळी जुनी गाणी मैदानावर. यात व्यवहारही असेल, आणि असावाच. एवढा मोठा डोलारा नुसत्या भावनेवर चालत नाही. तरीही मला या आखणीत मोठे झालेला माणूस दिसतो. पंचविशीतल्या कलावंताला वाटते की जे माझे आहे ते सगळ्यांना एकदमच ऐकवले पाहिजे. काय कुठे गायचे आणि काय कुठे न्यायचे नाही, हे कळायला बरेच काही सोसावे लागते. आणि माझ्या मनातली सुरुवातीची टोचणी इथेच थोडी सैल झाली. दुःख विकायलाच काढायचे असते तर एक लाख माणसांसमोर ते जास्त खपले असते.

मराठी वाचक इथे कुमारगंधर्वांचे नाव घेईल हे मला माहीत आहे, आणि मी ते टाळणार नाही. गिरगावात देवधर मास्तरांकडे शिकलेला, मुंबईला थक्क करणारा तो मुलगा क्षयाने देवासला जाऊन काही वर्षे मुका झाला आणि परत आला तो वेगळे गाणे घेऊन. एरवी ज्यांनी त्यांच्यावर जीव टाकला त्यातल्याही काहींना ते नवे गाणे पटले नाही. दमसासाच्या लांब ताना कुठे गेल्या, असे विचारले गेले. त्या अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या कानावर माळव्यातल्या बायकांची गाणी पडली, हे आपण कौतुकाने सांगतो. मला त्यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, की त्यांनी आपला उरलेला श्वास किती आहे हे नीट मोजले आणि त्या मापाचे गाणे घडवले. शीरन आणि कुमारजी यांची बरोबरी करायला मी बसलेले नाही, त्यांची क्षेत्रे वेगळी आणि उंची वेगळी. पण मोडून उठलेल्या माणसाने जुन्याच मापाचे गाणे गावे अशी अपेक्षा करणारे श्रोते मात्र सगळीकडे सारखेच असतात.

त्या मार्चच्या रात्री रेसकोर्सवर एका क्षणी दिलजीत दोसांझ मंचावर आला आणि शीरन त्याच्याबरोबर चक्क पंजाबीत गायला. मैदान अक्षरशः उसळले. भाचीच्या किंचाळण्याने माझ्या डाव्या कानात दडे बसले. मी मात्र शीरनच्या तोंडाकडे पाहत होते, कारण पडद्यावर ते मोठे दिसत होते: प्रत्येक अक्षराआधी ओठ किंचित थबकत होते, मग अक्षर नेमके पडत होते, आणि ते पडले की डोळ्यांत सुटकेचे हसू येत होते. लहानपणी हा मुलगा तोतरा होता. अमेरिकन रॅपर एमिनेमचा एक अख्खा अल्बम तोंडपाठ करून, त्या वेगाने म्हणून म्हणून त्याने आपली जीभ मोकळी केली, हे त्याने २०१५ साली तोतरेपणावर काम करणाऱ्या संस्थेच्या समारंभात सांगितले होते. ज्याला स्वतःच्या भाषेतले शब्द एके काळी दगा देत होते तो तेहतिसाव्या वर्षी, हजारो अनोळखी माणसांसमोर, परक्या भाषेतले शब्द आपण होऊन तोंडात घेतो. ही हिंमत वरच्या पट्टीपेक्षा मला मोठी वाटते.

पुढच्या वर्षी तो पुन्हा भारतात आला. पुण्यापासून सुरुवात करून हैदराबाद, चेन्नई, बेंगळुरू, शिलाँग आणि दिल्ली असा तो दौरा होता, आणि मुंबई त्यात नव्हती. भाची पुण्याला जाऊन आली. त्याच सुमाराला त्याने गोव्यात राहून नव्या अल्बमचे काही काम केले, आणि जूनमध्ये आलेल्या एका गाण्यात तर अरिजित सिंगचा आवाज आहे. तो ‘प्ले’ नावाचा अल्बम सप्टेंबर २०२५ मध्ये आला. आयुष्यातल्या सर्वांत काळोख्या काळाला दिलेले हे उत्तर आहे, आपल्याला पुन्हा आनंद आणि रंग हवे होते, अशा अर्थाचे तो त्याबद्दल बोलला आहे. त्याच्या पुढच्या दौऱ्याला त्याने नाव दिले तेही त्या पायाखालच्या पेटीचेच, ‘लूप’.

त्यामुळे पुलावरच्या त्या मुलाला आता त्याचा जुना शीरन परत मिळाला, असे कुणी म्हणेल. मी तो अल्बम मन लावून ऐकला आणि मला तसे वाटत नाही. २०१७ चा आनंद आणि हा आनंद यांत फरक आहे. तेव्हाच्या गाण्यात पोराला सगळे नव्याने मिळत होते आणि त्याला ते मुठीत धरता येत नव्हते. आताच्या गाण्यात काय काय जाऊ शकते हे माहीत असलेला माणूस नाचायला उठतो. ठेका त्याच जातीचा आहे, टाळ्यांची जागाही तीच आहे. भाचीला मी हे सांगितले तेव्हा तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, “आत्या, मला दोन्ही हवेत. ऑफिसला जाताना हा, आणि आजोबा गेले तेव्हा रात्री ऐकत होते तो.” माझे वडील गेले तेव्हा ती हेडफोन लावून गच्चीवर बसायची, आणि आम्हाला वाटायचे की हिला एकटीला राहायचे आहे. ती त्या दिवसांत ‘सबट्रॅक्ट’ ऐकत होती, हे मला तिने आत्ता सांगितले.

तो मुंबईत पुन्हा येईल तेव्हा मैदानावर येईलच, आणि आम्ही दोघी पुन्हा धूळ खात उभ्या राहू. पण माझी एक इच्छा आहे. नरिमन पॉइंटला एनसीपीएचे टाटा थिएटर आहे, १९८० साली बांधलेले, हजारेक आसनांचे. तिथे मी ध्वनिक्षेपकाशिवाय गाणे ऐकले आहे आणि शेवटच्या रांगेत तंबोऱ्याची जवारीसुद्धा पोहोचते. मैदानाच्या आदल्या संध्याकाळी त्याने तिथे यावे, पेडल घरी ठेवावे आणि ‘सबट्रॅक्ट’ची ती १४ गाणी ओळीने म्हणावीत. तिकीट मिळणे अशक्य आहे, असे भाचीचे म्हणणे आहे. मी तिला सांगितले आहे की रांगेत मी उभी राहीन, आणि मिळालेच तर मावशीलाही घेऊन जाऊ. तिला इंग्रजी कळत नाही, पण कुठल्या पट्टीत गातो आहे ते ती पहिल्या ओळीतच सांगेल.